शेरा

सातवीच्या प्रगतिपुस्तकात, हजेरीच्या आकड्याखाली
चौगुले मास्तरांनी इंग्रजीत एक शब्द लिहिला होता.
चार अक्षरं. शेवटची दोन सारखी,
शेजारी शेजारी उभ्या केलेल्या पट्ट्या.

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं.
पैंजणांच्या पुडक्यांत ते पुस्तक खोचून
हुपरीहून पहिल्या यष्टीनं ते कोल्हापूरला गेले,
गुजरीत पायगोंडा शेठच्या पेढीवर.

शेठनी चष्मा कपाळावर सरकवला. "डल."
"म्हंजे?"
"तेजाबातनं काढलेली चांदी बघ की,
पांढरीफेक, पर घासलेली न्हाई.
पुण्याची गिऱ्हाइकं आता तीच मागत्यात.
पॉलिश नको म्हणत्यात. डलला मजुरी जास्त, अण्णाप्पा."

येताना अण्णांनी पावशेर बालूशाही आणली.
आईला म्हणाले, "पोरीला मजुरी जास्त हाय."

मला अर्थ ठाऊक होता.
वर्गात त्याला एकच अक्षर पुरायचं: ढ.
म्हणतात, दोन हजार वर्षांत सगळी अक्षरं वळली, वाकली,
एक ढ तेवढा होता तसाच बसून राहिला.
मी बालूशाही खाल्ली. बोलले नाही.

आठवीत शाळा सुटली, झाळणीला बसले.
फुंकणी, सवागी, बोटांवर बारीक डाग.
कानस बोथट झाली की आम्ही म्हणायचो, मेली.
झाळ नीट न लागलेला घुंगरू बद्द वाजायचा,
आणि आषाढात बाजार बसला
की गुजरीतून निरोप यायचा: मार्केट डल हाय, माल पाठवू नका.
तेव्हा कळलं, हा शब्द माझ्या एकटीचा नव्हे.
कानस, घुंगरू, कुंद आभाळ, रिकामी पेढी,
साहेबानं सगळ्यांना एकाच पोत्यात घातलंय.
आमच्याकडं प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा अपमान.

मग त्या वर्षी अण्णांच्या छातीत काहीतरी व्हायला लागलं.
सी. पी. आर.मध्ये बाकावर चार तास.
डॉक्टर तरुण, नाशिककडचे असावेत, घाईत:
"दुखणं कसंय बाबा? शार्प? की डल?"

अण्णांचा चेहरा एकदम उजळला.
इतक्या दिवसांनी ओळखीचा माणूस भेटावा तसा.
"डल, डल," ते म्हणाले. "डलच हाय, सायेब."

मी दाराशी उभी. हातात यष्टीची तिकिटं.
सांगायला हवं होतं, त्यांना तो शब्द कळत नाही हो,
ते चांगलं काहीतरी समजून सांगताहेत.
पण मग वीस वर्षांमागची बालूशाही
घशाशी आली असती.
विचारलं फक्त, "अण्णा, टोचतंय का?"
"न्हाई गं. दगड ठेवल्यागत. आत कुणीतरी सावकाश बसल्यागत."

डॉक्टरांचं पेन थांबलं.
शेजारच्या टोचणाऱ्याला गोळ्या देऊन घरी धाडलं,
अण्णांना आत घेतलं. अकरा दिवस.
केसपेपरवर तीच चार अक्षरं, त्याच दोन पट्ट्या,
अक्षर मात्र चौगुले मास्तरांहून वाईट.

घरी आल्यावर उशीला टेकून म्हणाले,
"पायगोंडा खोटं बोलायचा न्हाई बघ.
डलला मजुरी जास्त."
मी हसले. त्यांना कळलं होतं का सगळं, केव्हापासून,
हे विचारायचं राहूनच गेलं. नंतर सहा वर्षं होते.
सहा वर्षांत विचारता आलं असतं.

आता पेढीवर मीच असते गुरुवारी.
मुली येतात, पाय पुढं करतात, मोबाइलवर फोटो दाखवतात.
"मावशी, हे डलमध्ये मिळेल?"
मिळेल.
"टिकतं का? काळं नाही ना पडत?"
पडतं की. चांदीच आहे.
थोडी रांगोळी घ्यायची, ओलं फडकं,
आणि फार घासायचं नाही.